शुक्रवारची लाईट

"साहेब, शेलार गाव माझ्यावर सोडा. शुक्रवारी सकाळी लोक बोलावतो, दुपारी जेवू घालतो, संध्याकाळी सह्या तुमच्या हातात!" प्रितेशने कंपनीच्या साहेबांना छाती ठोकून सांगितलं. प्रितेशची छाती ठोकून ठोकून घट्ट झाली होती, त्यामुळे त्याला ते जड गेलं नाही.

काम मात्र जड होतं. गावाबाहेरच्या माळावर कंटेनरएवढ्या बॅटऱ्या रांगेने उभ्या राहणार होत्या. दिवसा उन्हाची वीज साठवायची, संध्याकाळी सोडायची. पाण्याची असते तशी विजेची टाकी म्हणा. गावालाही त्यातून वेगळी लाईन द्यायचं कंपनीने कबूल केलं होतं. पण माळाच्या मधोमध जमीन होती प्रितेशच्या वडिलांची, दाजींची. त्यांनी सही केली की गाव करणार, आणि दाजी तर पेनाला हात लावायला तयार नव्हते.

"मना कागूद नको दावू," ते म्हणाले. "लाईट असताना दिवा कुनीबी लावील. लाईट गेल्यावं तुजा डबा चालला पायजे. तवा सही."

दाजी या एका गोष्टीवर का अडले होते, ते प्रितेशला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शुक्रवारी लाईट गेली आणि आईचं, पार्वतीबाईंचं, ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. प्रितेश ठाण्याहून सिलिंडर घेऊन निघाला तो वाटेतल्या कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. सिलिंडर घरी पोचला, पण आई तोवर थांबली नव्हती. तेव्हापासून बापलेकांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं. गाव म्हणे, पोराने पगारासाठी ही नोकरी धरली. त्याला खरं तर एवढंच हवं होतं, की अंधारात पेटलेला तो दिवा दाजींनी एकदा बघावा.

म्हणून त्याने शुक्रवार निवडला. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे इकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. सकाळीच त्याने फ्रिजएवढी बॅटरी अंगणात आणली, लाईट गेली की घर आपोआप तिच्यावर चालेल अशी जोडणी केली आणि लोकांना शंका नको म्हणून तिची चार्जिंगची वायर सगळ्यांदेखत उपटून टाकली.

"मोबाईल फुगतो तसा ह्यो डबा फुगला म्हंजे?" धोंडूबाई आत्याने विचारलं.

"आत्या, ही फुगत नाही. आता लाईट जाईल, बघच."

लाईट गेली नाही. ओटीवरची एरवी लुकलुकणारी ट्यूब त्या दिवशी नव्या सुनेसारखी नीट वागत होती. दुपार झाली, भाकऱ्या झाल्या, बोंबील संपले, तरी लाईट जाईना. प्रितेशने वीज कचेरीत फोनवर फोन केले.

"लाईट कधी जाणार?"

"अहो, लोक लाईट कधी येणार ते विचारतात," पलीकडचा माणूस वैतागला. "आज दुरुस्तीची माणसं दुसरीकडे गेलीत. जाणार नाही."

निजामपुऱ्यातले यूनुसभाई दाजींचे जुने दोस्त. शुक्रवारी त्यांचे कापड विणायचे लूम बंद, म्हणून नमाज आटोपून तेही आले होते. त्यांनी इलाज सांगितला. "बेटा, लाईट खाली बैठनेवालों की नहीं जाती. लूमवर अर्जंट ऑर्डर चढली की हमखास जाते. तू कुछ जरूरी काम चालू कर."

सगळ्यांना पटलं. लाईट जावी म्हणून अंगणात कामं निघाली. धोंडूबाईने मिक्सरवर मसाला घेतला. कुणी कूलर आणला. चुलतभाऊ दीपेश हळदींना डीजे वाजवतो, त्याने स्पीकर आणून लावले. गावाने फोन चार्जिंगला लावले. आणि बॅटरीला सॉकेट भरपूर, म्हणून सगळ्यांनी वायरी खोचल्या त्या बॅटरीतच.

"लावा, लावा! आपल्याकडे काय कमी आहे?" प्रितेश म्हणाला. त्याचा स्वतःचा फोन लावायला तेवढी जागा उरली नाही.

दिवस मावळताना लोक कंटाळून उठले आणि तेवढ्यात लाईट गेली. गाव काळोखात बुडालं, दाजींच्या ओटीवरची ट्यूब मात्र तशीच जळत राहिली. लोक माघारी वळले. दाजी खुर्चीतून उठले. प्रितेशचे डोळे भरून आले.

मग डबा दोनदा कुंईकुंई करून गप्प झाला. ट्यूब विझली. हसण्याची मोठी लाट उठली. हातातल्या भरलेल्या फोनांचे टॉर्च लावून गाव घरी निघालं. गल्लीतून दूर जाणारे ते उजेड प्रितेश बघत राहिला. आईच्या वेळेसारखाच आपण आजही थोडक्यासाठी हरलो, असं त्याला वाटलं आणि तो पायरीवर बसून रडू लागला.

"दीपेशचा डीजे किती वेल वाजला र?" काळोखातून दाजींनी विचारलं.

"दुपारपासून."

"तुज्या आयशीचं मशीन त्याच्याहून बारीक व्हतं."

प्रितेशने डोळे पुसले. "हो, बाबा."

"दिसभर चाललं असतं?"

"चाललं असतं."

"मंग तू कशेलीवरून पोचला असतास," दाजी म्हणाले. ते त्याच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांचा हात चाचपडत त्याच्या पाठीवर आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. "तुजा गुन्हा न्हाय, पोरा. कागूद आन. सही करतो."

प्रितेश धडपडत कागद घेऊन आला.

"टॉर्च लाव. काय दिसतच न्हाय."

प्रितेशने खिशातून फोन काढला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "बॅटरी संपलीय."

दाजींनी नाक ओढलं. ते हसले की रडले, ते काळोखात कळलं नाही. दिवसभर जी लाईट जावी म्हणून गावाने जिवाचं रान केलं, तीच आता यावी म्हणून बापलेक पायरीवर बसून राहिले.