भारत सरांच्या लॅपटॉपची टकटक

भारत सरांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं त्यांच्या शाळेत एकच माणूस म्हणायचा. तो माणूस म्हणजे भारत सर. त्यामुळे लॅपटॉपमधून टक, टक, टक असा आवाज यायला लागला तेव्हा त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. जागच्या जागी निदान करून टाकलं.

"हार्ड डिस्क चालली," ते बायकोला म्हणाले. "आतली सुई घासून राह्यली."

"कालपर्यंत तर चांगली होती," पायल म्हणाली.

"अटॅक काय सांगून येतो का?"

बोलले खरे, पण सर पुरते घाबरले होते. कारण त्या डिस्कमध्ये त्यांचे वडील होते. धावडा गावात तातेराव भीमगीतं म्हणायला बसले की अख्खी गल्ली दारात जमायची. वर्षामागं ते वारले. जायच्या आधी कधीतरी दुपारी घरी बसून त्यांनी आपल्या मोबाइलवर गाणी भरून ठेवली होती. सरांनी ती लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली, मोबाइल पुढं बिघडला, आणि गाणी ऐकायची हिंमत काही सरांना वर्षभर झाली नाही. आता रविवारी धावड्यात पहिला स्मृतिदिन होता. गाणी तिथं लावायची ठरली होती. सरांनी पहिल्यांदाच फाईल उघडली, बाबांचा आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ ही टकटक.

तपासणी सुरू झाली. पंखा बंद, गॅसवरचा कुकर खाली, पायलला श्वाससुद्धा हळू घ्यायची ताकीद. सरांनी लॅपटॉपला कान लावून शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ लावला. टकटक नाही. बाबांचं गाणं लावलं. टकटक.

"बघ, नेमका बाबांचाच कोपरा सडला!"

मग त्यांनी घाईघाईनं गाणी पेनड्राइव्हवर घेतली. तिथंही टकटक. पायलच्या मोबाइलवर घेतली. तिथंही तेच. सर मटकन खाली बसले.

"लागण झाली. व्हायरस हाय हा."

त्यांनी पेनड्राइव्ह आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटाच्या वर ठेवून दिले.

"अहो, तो माझा मोबाइल हाय, लम्पी झालेली गाय न्हाई," पायल म्हणाली. पण सर ऐकायच्या पलीकडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी पिशवीसकट सगळा संसार घेऊन ते नवीन जालना भागात स्टेशनजवळच्या हरिओमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. लॅपटॉप मांडीवर होता, आणि दर खड्ड्याला ते ऑटोवाल्याला "हळू घे, आत पेशंट हाय" म्हणत होते. हरिओमनं डिस्क तपासली.

"सर, डिस्क बिलकुल ठणठणीत हाय. आवाज गाण्यातच असंल."

"माझे बाबा गात होते, खिळे ठोकत नव्हते."

गिऱ्हाइकाशी वाद घालायची हरिओमला हौस नव्हती. "मंग काढूनच टाकतो," म्हणाला, आणि कसल्याशा सॉफ्टवेअरनं त्यानं टकटक साफ पुसून टाकली. उरला तो बाबांचा एकट्याचा मोकळा आवाज. सरांचे डोळे भरून आले, आणि ती साफ गाणी त्यांनी आपल्या मोबाइलवर घेतली. लागण पुन्हा नको म्हणून त्यांनी जुनी गाणी लॅपटॉपवरून, पेनड्राइव्हवरून, पायलच्या मोबाइलवरून आपल्या हातानं उडवली. कचरापेटीसुद्धा रिकामी केली.

शनिवारी दोघं धावड्याला पोचले. सरांनी ओसरीत आईला, केशरबाईंना, समोर बसवून आपल्या मोबाइलवर गाणं लावलं. केशरबाईंनी मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"अन् मी कुठं गेले?" त्या म्हणाल्या.

"तू?"

"मी बाजूलाच बसल्ते ना. ढोलकी न्हाई, साथीला कोणी न्हाई. मंग मी अडकित्त्यानं सुपारी फोडत ताल धरायची. ते म्हणायचे, केशर, तुझी टकटक सुरू झाली की माझा गळा उघडतो. माझ्याबिगर त्यांनी एक गाणं भरलं न्हाई."

पायल एकदम छताचे पत्रे बघायला लागली. सरांना तोंड कुठं लपवावं ते कळेना.

"आई, मी ते रोग समजून काढून टाकलं."

केशरबाईंना फार लागलं होतं, चेहऱ्यावर दिसतच होतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला.

"लाव परत. अन् पायलच्या मोबाइलमधी भरून घे."

गाणं सुरू झालं. बाबांच्या आवाजाखाली टकटक अशी बरोबर बसली, की सरांचा जीव भांड्यात पडला. दोन कडवी झाली आणि अडकित्ता थांबला.

"काय झालं, आई?"

"ह्या कडव्याला ते दर वेळी पुढं पळायचे," केशरबाई मोबाइलकडं रागानं बघत म्हणाल्या. "अजून तसंच करून राह्यले. पहिल्यापासून लाव. अन् भारता, हा मोबाइल पायलच्या हातात दे. तू तेवढ्या सुपाऱ्या घेऊन ये."