चित्रवही शिवली, तिची हकीकत

श्री. ज्याने देहास न टोचता जीव आत टाचून ठेविला, त्यास नमन करून लिहिले ऐसे जे. शके सोळाशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरे, कार्तिकमासी एका राज्यात, ज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, बाईसाहेबांनी चित्रवही शिवविली. बाईसाहेबांस माणसांचा मोठा लोभ. जो मनास येईल त्याची तसबीर काढवून वहीत चिकटवावी, भोवती वाळली फुले आणि शेल्याचे तुकडे मांडावे आणि रोज पाने उलटून पाहावी, ऐसा शिरस्ता. मग कसरीने खळ खाल्ली आणि तसबिरी गळू लागल्या, तेव्हा भिवराई शिंपिणीस बोलावून हुकूम जाहला की, हाताने टाके घालून माणसे पक्की करावी. आधी आरीने भोके पाडावी, मग रेशमाचा दोरा ओवावा, आणि जिवंत माणसाच्या तसबिरीचे शेवटचे भोक रिकामे ठेवावे, ही भिवराईच्या घरची चाल. त्या भोकास ती वाट म्हणे. बाईसाहेबांच्या बोटास ते लागले आणि त्यांनी विचारिले, हे काय कामचुकारपण? भिवराई म्हणाली, "जी, जित्या माणसाला जायाला वाट पाहिजे." बाईसाहेब हसून बोलिल्या, "आमच्या माणसांस जायचे आहे कुठे?" आणि कारभारी काशीस जातो म्हणून रजा मागत होते, त्यांची वाट प्रथम बुजवविली. दुसरे दिवशी कारभारी सदरेवर बसले ते उठले नाहीत. डोळे उघडे, श्वास चालू. चौघे धरून उचलू गेले तो

(येथे कागदास भोके आहेत, अक्षरे नाहीत.)

आणि बाईसाहेब संतोष पावल्या. भिवराईची लेक पुतळा बाईसाहेबांवर चवरी ढाळीत असे. तिचे लग्न जाहले होते आणि सासरची माणसे न्यावयास वेशीशी येऊन उतरली होती. मग पुतळाचे पान भिवराईपुढे आले. भिवराईने पाय धरिले, पोर उद्या नांदायला जातीया म्हणून पदर पसरिला. बाईसाहेब गोड बोलिल्या, "तुझी लेक, तुझाच हात बरा. दुसरीचा टाका वाकडा जाईल."

भिवराईने पान मांडीवर घेतले आणि गाठ कोठे येईल ते पाहावयास उलटले, तो मागे बाईसाहेबांचीच नवरीपणाची तसबीर, त्याच मापाची, स्वहस्ते चिकटवून विसरलेली. पाहणारा पुढून पाहतो, शिवणारीस मागून पाहावे लागते. भिवराईने सुई ओवली. एकेक टाका पडत गेला आणि पुतळाचा हात जड होत गेला आणि शेवटचे भोक बुजले, तेव्हा चवरी अधांतरी थांबली. बाईसाहेब पान घ्यावयास वाकू गेल्या, त्या वाकल्या नाहीत.

"भिवरा, आमची पाठ कोण ओढतो?"

"कुणी नाही जी. दोरा मागूनही दिसतो."

"उसव."

"उसवते. पोरीला जाऊ द्याल?"

बाईसाहेबांनी पुतळाकडे फार वेळ पाहिले. मग होकारास पापण्या मिटल्या. आता तेवढेच हलत होते. भिवराईने पुतळाच्या बाजूने दोरा ओढिला आणि दोघी सुटल्या. मग तिने न विचारता कारभाऱ्यांचेही पान घेतले आणि उसविले आणि ते त्याच पावली काशीस निघाले. पुतळा दिवस असता सासरी गेली. वेशीपर्यंत भिवराई मागून चालली आणि लेकीची सावली तुडवू नये म्हणून खाली पाहू लागली, तो सावलीच्या कडेने उजेडाचे बारीक ठिपके, ओळीने, तिच्या हातच्या टाक्यांच्या अंतराने. दोरा निघाला होता, भोके राहिली होती. बाईसाहेब त्या दिवसापासून उन्हात येत नाहीत.

येणेप्रमाणे वही शिवली आणि उसवली आणि पुन्हा खळीने चिकटविली. ही बखरही खळीचीच आहे. कोणी सुई लावू नये. मागील पानावर कोण आहे, लिहिणारास ठाऊक नाही.