मोडका गॉगल जमा करावा

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात भांडारपालांच्या एक गंभीर बाब लक्षात आली. घरात गॉगल भरपूर होते, पण गॉगलांची व्यवस्था नव्हती. एक फ्रिजवर, एक पायपुसण्याखाली, दोन टीव्हीमागे, असा सगळा सावळागोंधळ. उभा जन्म ऑफिसचं भांडार सांभाळलेल्या माणसाच्या घरात ही दशा!

त्यांनी लोखंडी कपाट रिकामं केलं. बायकोचे कपडे पलंगाखाली गेले. गॉगलांचं वर्गीकरण झालं: उन्हाचे, प्रवासाचे, समारंभाचे आणि जावयाने दिले म्हणून ठेवलेले. प्रत्येकाला मऊ पिशवी, पिशवीला क्रमांक. कसर लागू नये म्हणून खणाखणात मूठमूठ डांबराच्या गोळ्या.

"गॉगलला कसर लागते?" बायकोने विचारलं.

"आमच्या भांडारात कधी कशालाच लागली नाही," ते म्हणाले. तिथे ते लोखंडी खुर्च्यांजवळही गोळ्या ठेवत.

मग कपाटाच्या दारावर नियम चिकटला: मोडका जमा केल्याशिवाय दुसरा मिळणार नाही. किल्ली कमरेला गेली आणि कपाटातून गॉगल हलणं बंद झालं. खुद्द भांडारपाल डोळे किलकिले करत भर उन्हात भाजी आणू लागले. साठा बघण्यासारखा आहे, असं ते ज्याला त्याला सांगत. दाखवत मात्र कुणालाच नसत.

उन्हाळ्यात बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गॉगलशिवाय उन्हात पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिला तर जायचंच होतं. पलीकडच्या गल्लीत लेकीला मुलगी झाली होती आणि नातीचा चेहरा तिने अजून धड पाहिला नव्हता. ऑपरेशनआधी जवळ घेतली की नुसता पांढुरका गोळा दिसे.

"अहो, एक गॉगल द्या ना."

"मोडका जमा कर."

"माझ्याकडे गॉगल होता कधी?"

"मग तू धारकच नाहीस. तुला बदली नग कसा देणार?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट कळवळाच होता. "मला का वाईट वाटत नाही? पण आज तुला दिला, तर उद्या कुणीही मागेल."

"कुणीही म्हणजे कोण? घरात आपण दोघंच!"

हा मुद्दा विचाराधीन ठेवण्यात आला.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मी नवाच घेऊन येते."

भांडारपाल हादरले. "साठा पडून असताना बाहेरून खरेदी? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

बायको घरातच बसून राहिली. नव्या नजरेने तिला छताची जळमटं दिसली, भिंतीची ओल दिसली आणि नवराही पहिल्यांदाच इतका स्पष्ट दिसला. त्यानंतर तिने फार वेळ दवडला नाही. नवऱ्याचा वाचायचा चष्मा जमिनीवर ठेवला आणि चपलेसकट त्यावर उभी राहिली.

"हा घ्या मोडका."

भांडारपालांनी तुकडे डोळ्यांजवळ नेले. "हा गॉगल नाही. पण डोळ्यांवर लावायची वस्तू या सदरात बसवता येईल." त्यांचा जीव भांड्यात पडला. द्यायचा तर त्यांनाही होताच, फक्त नियमात बसत नव्हतं.

कपाट उघडलं तसा भपकन वास आला. डांबराच्या गोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. फ्रेमा विरघळून पिशव्यांना चिकटल्या होत्या, पिशव्या एकमेकींना आणि सगळं मिळून खणाला. त्यांनी एक गॉगल ओढला तर अख्खा खणच बाहेर आला.

भांडारपालांनी चिकटलेल्या पिशव्या बोटाने मोजल्या. मग अभिमानाने म्हणाले, "बघ, एकसुद्धा कमी नाही."

बायकोने खुंटीवरची काळी छत्री काढली, नाकापर्यंत खाली ओढली आणि चालू लागली. भांडारपाल हाक मारणार होते, पण छत्री नेण्याचा नियम काय, तो त्यांना आठवेना. दारावरचा कागद वाचायला जावं, तर चष्मा जमा झालेला.

हसलात? मग एक करा. काचेच्या कपाटातला तुमचा तो चांगला कपबशांचा सेट काढा आणि आज घरच्याच माणसाला त्यातून चहा द्या. बघू हात होतो का.