सात वेळा गेलेलं आमंत्रण

रविवारी सकाळी साडेनऊला सर्व्हररावांनी गाद्यांच्या कपाटाचं दार उघडलं, तेव्हा कुणाचंही वाईट करायचं त्यांच्या मनात नव्हतं. मोठे घोळ नेहमी अशीच माणसं घालतात.

ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत. 'सर्व्हरराव' हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं, आणि त्याला कारण हे कपाट. कचेरीनं भंगारात काढलेला एक दणकट कॉम्प्युटर त्यांनी चादरींच्या खालच्या कप्प्यात बसवला होता. त्या एकाच्या पोटात आठ कॉम्प्युटर राहत. खरे नव्हेत, मानलेले. घरमालकानं आठ भाडेकरू ठेवावेत तसे. एक गाणी सांभाळायचा, एक फोटो, एक दाराची बेल. 'निरोप्या' घरातर्फे सगळ्यांना ठरल्या दिवशी मेसेज पाठवायचा. 'पहारेकरी' सगळ्यांवर नजर ठेवायचा, आणि कुणी आडवा झाला की मिनिटभरात बॅकअपमधून, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीतून, त्याला पुन्हा उभा करायचा. सगळं कसं आपोआप.

"आपोआप होतं, तर तुम्ही दिवसभर कपाटात डोकं घालून काय करता?" असं बायको विचारायची. मग सर्व्हरराव डोकं आणखी आत घालत.

त्या दिवशी त्यांना शंका आली, की बॅकअप घेतो खरा, पण तो वेळेला उभा राहतो का? परीक्षा घ्यायची तर कडक घ्यावी, म्हणून त्यांनी निरोप्याची सगळ्यांत जुनी, आठ महिन्यांपूर्वीची प्रत काढली आणि सुरू केली. प्रत झकास उभी राहिली. सर्व्हरराव स्वतःवर इतके खूश झाले, की चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले.

इकडे जुन्या निरोप्यानं डोळे उघडून घड्याळ पाहिलं, तर आठ महिन्यांची कामं तुंबलेली. बिचारा प्रामाणिक. त्यानं एका दमात सगळी उरकली.

चहाचा दुसरा घोट घेताहेत तोच प्लंबरचा फोन.

"साहेब, तो बाथरूमचा नळ मी मागेच बदलला ना?"

"बदललास की."

"मग 'नळ गळतोय, लवकर या' म्हणून मेसेज का करताय?"

सर्व्हररावांनी कप ठेवला आणि कपाट गाठलं. जुना निरोप्या त्यांनी तिथल्या तिथे पुसून टाकला. मिनिटभरात पहारेकऱ्यानं इमानेइतबारे त्याला त्याच जुन्या बॅकअपमधून पुन्हा उभा केला. निरोप्यानं पुन्हा डोळे उघडले, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"साहेब, दुसरा आला," प्लंबर म्हणाला. "येऊ का? पाना घेऊनच बसलोय."

मग सर्व्हररावांनी पहारेकऱ्यालाच बंद केलं. पण पहारेकरी झोपला तर काय, या काळजीनं त्यांनीच मागे त्याच्यावर दुसरा पहारेकरी नेमला होता. त्यानं पहिल्याला उठवलं, पहिल्यानं निरोप्याला. कोण कुणाला उठवतोय तेच सर्व्हररावांना कळेना. आपण हे बांधलं की यानं आपल्याला, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. शेवटी त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. तोवर प्लंबरला सात मेसेज गेले होते.

आणि मग त्यांना आठवलं, की आठ महिन्यांपूर्वीच्या यादीत आणखी एक मेसेज होता. ताईला.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. आठ महिन्यांपूर्वी घरात नवे पडदे लागले. ते पाहून ताई म्हणाली, "दवाखान्यात आल्यासारखं वाटतं गं." बायको म्हणाली, "मग आजारी पडाल तेव्हाच या." झालं. आदल्याच रात्री बायकोनं लिहून ठेवलेलं जेवणाचं आमंत्रण सर्व्हररावांनी पुसलं, पण बॅकअपमध्ये ते तसंच राहिलं. तेव्हापासून ताई रस्त्यात दिसली, की हे दुकानांच्या पाट्या वाचत उभे राहत. खरं तर त्यांना तिची फार आठवण यायची.

आता ताईचं उत्तर काय आलं? उत्तरं येणार निरोप्याकडे, आणि निरोप्या बंद. त्याला चालू करावं तर तो आधी आठवा मेसेज पाठवेल. सर्व्हरराव प्लग हातात धरून पाच मिनिटं उभे राहिले. मग आठ महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी ताईच्या घरी फोन लावला. दाजींनी उचलला.

"ती निघाली केव्हाच," दाजी म्हणाले. "माझ्या चपला घालून गेलीय. काय चाललंय काय तुमच्याकडे?"

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"कोणता मेसेज?" बायकोनं विचारलं.

"तूच लिहिलेला. 'ताई, रविवारी दोघंही जेवायला या. तुमच्याशिवाय घर सुनंसुनं वाटतं.'"

बायकोनं गॅस बारीक केला. "किती वेळा गेला?"

"सात."

"मग आल्या की सांगा त्यांना खरं काय ते. मशीन बिघडलं म्हणावं."

"अगं, मशीननं बोलावलं म्हटल्यावर ती उंबऱ्यावरूनच परत जाईल! मग जन्मात यायची नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. मशीन माझं नाही."

तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. बेल कपाटाबरोबरच गेली होती. दारात ताई उभी, केस विस्कटलेले, श्वास फुललेला, पायांत दोन बोटं मोठ्या चपला. भावाला बाजूला सारून ती सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि तिनं वहिनीचे दोन्ही दंड धरले.

"काय झालं गं? बरी आहेस ना? 'घर सुनं वाटतं, घर सुनं वाटतं', सात वेळा! मी उत्तरावर उत्तरं पाठवतेय, तुझा पत्ता नाही. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं की गं!"

सर्व्हररावांनी घसा खाकरला. आता सांगायलाच हवं होतं.

"ताई, त्याचं काय झालं, की कपाटातलं ते मशीन—"

"मीच पाठवले," बायको म्हणाली.



"सातही?" ताईनं विचारलं.

"सातही."

ताई मटकन खुर्चीत बसली. पदरानं तिनं आधी घाम पुसला, मग डोळे.

"वेडी कुठली!" ती म्हणाली. "अगं, एकदाच पाठवला असतास ना, तर मी आलेच नसते."

बायको हसली की रडली ते सर्व्हररावांना नीट कळलं नाही. ते आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिले.

"उभे काय राहिलात?" बायको म्हणाली. "ताईंना पाणी द्या. आणि दाजींना फोन करा, जेवायला या म्हणावं. तुम्ही स्वतः करा."