श्वासाला दुहेरी टीप

पोटाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये! अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत काचेच्या बश्यांमध्ये पोटातल्या पेशी वाढवते आणि पोटात बिऱ्हाड थाटणाऱ्या एका जिवाणूचं विष त्यांच्यावर सोडते. दुसऱ्या दिवशी पेशींची काय दशा झाली, ते मी एका नजरेत सांगते. तेव्हा बाबांच्या पोटाचा निकाल मी चुटकीसरशी लावणार होते.

बाबा शिंपी. शाळांचे गणवेश शिवायचे. चाळीस वर्षं छातीत जळजळ आणि चाळीस वर्षं गोळी. डबी बटणांच्या खणात. एकदा त्यांनी एका सदऱ्याला गोळीच लावायला घेतली होती, असं आई सांगते. आई वाढवून सांगते, पण थोडंच.

मी चाचणीचं किट घरी आणलं. दोन चंदेरी पिशव्या. एकीत फुंकायचं, मग पुडीतलं औषध पाण्यातून घ्यायचं, अर्ध्या तासाने दुसरीत फुंकायचं. जिवाणू असेल, तर श्वास चुगली करतो. फक्त आधी पंधरा दिवस गोळी बंद! ते पंधरा दिवस बाबा कुकरसारखे घरभर फुसफुसत फिरले, पण गोळीला शिवले नाहीत.

ठरल्या सकाळी ते उपाशीपोटी शिवणाच्या मशीनपाशी बसले. पहिली पिशवी अशी फुगवली, की आई म्हणाली, "अहो, पुरे! उडून जाल!"

औषध पाजून मी स्वयंपाकघरात आले आणि आईला व्याख्यान द्यायला लागले.

"पेशी एकमेकींना शिवल्यासारख्या असतात, आई. हे विष आत शिरलं, की ती शिवण उसवतं. पेशी लांबट होतात, सुयांसारख्या. थांब म्हटलं तरी थांबत नाहीत, वाढतच सुटतात."

"म्हणजे शिवण गेली आणि कापड वाढतंय?" बाहेरून बाबा ओरडले. "असलं गिऱ्हाईक आपल्याला नको!"

"बाबा, बोलू नका. शांत बसा!"

"दुसरं एक विष," मी आईला पुढे सांगितलं, "पेशीच्या आत पोकळ फुगे करतं. चाळणीसारखी दिसते ती."

"ते सगळं खरं," आई म्हणाली, "पण हे मशीन का चालू आहे?"

आम्ही धावलो. बाबा चष्मा नाकावर ओढून, जीभ दातांत धरून, श्वासाने भरलेल्या पिशवीची खालची कड मशीनवरून सरकवत होते. पिशवी फुस्स करत मान टाकत होती.

"बाबा!!"

"अगं, नुसती चिकटवलेली कड! तू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सगळा श्वास सांडला असता. दुहेरी टीप मारून दिली."

"म्हणून तिला शंभर भोकं पाडलीत?" आई म्हणाली.

बाबांनी पिशवी उजेडाला धरली. बराच वेळ बघितलं. "टीप मात्र सरळ आलीय," म्हणाले.

आम्ही तिघं हसून हसून जमिनीवर बसलो. मी ती पिशवी प्रयोगशाळेत नेली. आमच्या प्रमुख बाईंनी ती फळ्याशेजारी टाचली. नवा माणूस आला, की मी नक्कल करून दाखवायची, जीभ दातांत धरून, मशीनच्या आवाजासकट. माझी नक्कल फार चांगली होत असे.

त्याच आठवड्यात मी दुसरं किट आणलं होतं.

"पुन्हा पंधरा दिवस गोळी बंद?" बाबांनी हात जोडले. "शाळा उघडू दे गं. गणवेश पडलेत ढिगाने."

"बरं," मी म्हटलं. शाळा उघडल्या, बंद झाल्या, पुन्हा उघडल्या. मी विचारलं नाही. बाबा जेवण अर्धं टाकू लागले, तरी विचारलं नाही. ज्या गोष्टीला इतकं हसलो, ती राहून गेलीय हे ध्यानातच आलं नाही.

शेवटी दुर्बिणीने पोट तपासलं, आतला तुकडा काढला. मोठ्या डॉक्टरांनी त्याचा सूक्ष्मदर्शकातला फोटो समोर ठेवला. कर्करोग. त्या पेशी मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "यांची जिवाणूची चाचणी कधी केली नव्हती?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबाच उशीवरून उठून बसले.

"केली होती ना! त्याचा किस्साच आहे, ऐका."

आणि त्यांनी तो सांगितला. डॉक्टर हसले, नर्स हसली. मला वाचवायला सांगितला, हे घरी आल्यावर कळलं.

याला आता चार महिने झाले. प्रमुख बाईंनी पिशवी फळ्याशेजारून काढून माझ्या खणात ठेवली. टीप खरंच सरळ आहे. दुसरं किट घरी कपाटात आहे, न फोडलेलं. परवा सहज मुदत बघितली.

अजून सात महिने चालेल.