मनगटावरचं कार्ड

"आज डोळे मिटून जिंकवतो की नाही बघ!" वेंडेल होलनबेक छाती फुगवून म्हणाला.

"उघडेच ठेव," अंडी परतता परतता त्याची बायको लोरेटा म्हणाली. "आज हरलात तर पुढच्या वर्षी टीममध्ये जागा नाही, असं कोचने बजावलंय ना?"

बजावलं होतं खरं! अमेरिकन फुटबॉलमध्ये चाली पुकारून बॉल फेकणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. ओहायोच्या एका टीमचा वेंडेल अकरा वर्षं राखीव क्वार्टरबॅक. म्हणजे बाकावर बसून टाळ्या वाजवणारा! मुख्य क्वार्टरबॅकचा घोटा मुरगळला, म्हणून आज याचा नंबर लागला.

काम तसं सोपं. कोच पेट्राकिस हेल्मेटातल्या रेडिओवर नंबर सांगणार, वेंडेलने मनगटावरच्या कार्डात त्या नंबरची चाल बघून गड्यांना सांगायची. दर सामन्याला नवं कार्ड, नंबरांच्या चालीही नव्या. रेडिओवर फक्त ऐकायचं, उलट बोलायची सोय नाही. अगदी घरच्यासारखं!

"सत्तावीस!" कोच म्हणाला. कार्डात लिहिलं होतं, बॉल टिबोला देऊन डावीकडून पळव. टिबो, टीमचा सगळ्यात वेगवान गडी, पळाला तो थेट शेवटच्या रेषेपार, टचडाउन!

"गाढवा! लांब फेकायला सांगितलं होतं!" कोच कानात किंचाळला.

"बारा!" वेंडेलने लांब फेकला. पुन्हा टचडाउन, पुन्हा शिव्या! तिसऱ्यांदाही तेच! वेंडेल चक्रावला. जिंकतोय, तरी हा माणूस चिडतोय का?

मध्यंतराला एकवीस-शून्य. घाम पुसताना त्याचं लक्ष कार्डाच्या कोपऱ्याकडे गेलं. तारीख गेल्या रविवारची! म्हणजे नंबर आजचे, चाली गेल्या आठवड्याच्या! तेवढ्यात कोचने येऊन कडकडून मिठी मारली.

"काय डोकं आहे रे तुझं! माझं न ऐकता खेळलास म्हणून जिंकतोय. आता मी तोंड उघडणार नाही. चाली तूच ठरव!"

झालं! रेडिओ मुका. वेंडेल मैदानात उभा, गडी त्याच्या तोंडाकडे बघताहेत.

"अरे, बोल की काहीतरी!" टिबो ओरडला.

"थांब, विचार करतोय!"

चाल सांगायची वेळ संपली, शिट्टी वाजली, दंड म्हणून टीम पाच यार्ड मागे. पुन्हा विचार, पुन्हा शिट्टी! बघता बघता एकवीस-तेवीस. दोन मिनिटं उरली, तेव्हा वेंडेल धापा टाकत कोचकडे धावला.

"कोच, पाया पडतो, नंबर सांगा! ते डोकं माझं नव्हतं हो! कार्ड गेल्या आठवड्याचं होतं!"

पेट्राकिसने त्याचं मनगट ओढून तारीख वाचली. मग त्याने हळूच माइक तोंडाशी धरला.

"सत्तावीस."

"कुठल्या कार्डातला, कोच?"

"चुकीच्या!"