साहेबांनी जाऊ दिलं

जावकबाबूंनी दोन पाकिटांची अदलाबदल केली आणि कंपनीचं दरपत्रक गिऱ्हाइकाऐवजी थेट प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर जाऊन पडलं. गिऱ्हाइकाला काय मिळालं, तर प्रतिस्पर्ध्याला लिहिलेलं खरमरीत पत्र. उभी हयात कार्यालयाचं टपाल बाहेर धाडण्यात गेली, म्हणून तर सगळे त्यांना जावकबाबू म्हणत. मुलगी अजून कॉलेजात, निवृत्ती तोंडावर, आणि ऐन वेळी ही अवदसा. त्यात साहेब नवा, मराठीचा गंध नाही. माणसं कमी करायला आलाय अशी कुजबुज होती. तो इंग्रजी बोले, तेही सगळं म्हणींत आणि वाक्प्रचारांत.

त्यासाठी घरी जेवताना मुलगी शिकवणी घेई.

"बाबा, कुत्री-मांजरं पडतायत म्हणजे मुसळधार पाऊस. केकचा तुकडा म्हणजे सोपं काम. पाय मोड म्हणजे शुभेच्छा."

"पाय मोडून शुभेच्छा?"

"शब्दावर जाऊ नका. बोलतात एक, अर्थ निघतो भलताच."

"हे तर तुझ्या आईचंही आहे," जावकबाबू म्हणाले, आणि त्या दिवशी बायकोनं वाढताना हात आखडता घेतला.

तर साहेबानं आत बोलावलं. घाबरले होते जावकबाबू, पण चेहरा साहेबाचाच पडलेला. बराच वेळ पेनाशी चाळा करून तो हळूच म्हणाला, "आय ॲम सॉरी. वुई विल हॅव टू लेट यू गो."

जावकबाबूंनी एकेक शब्द सुटा करून पाहिला. गो म्हणजे जाणे. लेट गो म्हणजे जाऊ देणे. म्हणजे, जाऊ दे. भर परमुलखात कुणी गाववाला भेटावा तसं त्यांना झालं. चूक आपली आणि सॉरी साहेब म्हणतोय, या विचारानं त्यांना भरून आलं. साहेबानं पुढे महिनाअखेरीचंही काहीतरी सांगितलं, ते ऐकायचंच राहून गेलं.

"थँक्यू सर. व्हेरी काइंड."

साहेब चपापला. "नो हार्ड फीलिंग्ज?"

"नो सर. व्हेरी सॉफ्ट."

साहेबानं उठून त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

बाहेर हिशेबनीस पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. "काय म्हणाले?"

"जाऊ दिलं."

"नुसतंच?"

"वर सॉरी म्हणाले. देवमाणूस आहे हो, आपण उगीच घाबरतो. तुमच्या मनात काही असेल तर तुम्हीही सांगून मोकळे व्हा."

हिशेबनिसांच्या मनात होतं. एक अख्खी फाइल त्यांच्या हातून रद्दीत गेली होती आणि तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. ते आत गेले आणि डोळे पुशीत बाहेर आले. "मलाही जाऊ दिलं. पाठसुद्धा थोपटली."

हे टायपिस्टबाईंनी ऐकलं. रजेसाठी त्यांनी आपली एकच आत्या तीनदा मारली होती. त्याही गेल्या आणि आल्या. "जाऊ दिलं. आत्याबद्दल अवाक्षर काढलं नाही." मग जावकबाबूंनी दोघांना कॅन्टीनमध्ये स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

रात्री जेवताना त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं. बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला. मुलीचा घास मात्र हातातच राहिला.

"बाबा, नेमके शब्द काय होते?"

त्यांनी साहेबाच्या आवाजात म्हणून दाखवलं.

"बाबा, त्याचा अर्थ जाऊ दे नाही होत."

"मग?"

"कामावरून काढलं. तसं तोंडावर म्हणायला बरं वाटत नाही, म्हणून असं म्हणतात."

"म्हणजे नारळ?"

मुलीनं होकारार्थी मान हलवली.

"आणि मी त्याला थँक्यू म्हणालो," जावकबाबू म्हणाले.

"मी सांगितलं होतं, शब्दावर जाऊ नका."

"इंग्रजीवर नव्हतो गेलो गं. मराठीवर गेलो."

तेवढ्यात फोन वाजला. हिशेबनीस होते, आवाजात उत्साह मावत नव्हता. "अहो, उद्या आपल्या चौकीदारालाही आत पाठवतोय. कामावर डुलकी लागते म्हणून बिचारा जिवाला लावून घेतो."

"नका पाठवू," जावकबाबू कसेबसे म्हणाले.

"का हो?"

"सकाळी भेटून सांगतो. आज झोपा स्वस्थ."

फोन ठेवून ते भिंतीला टेकून बसले. स्वतःचं जे व्हायचं ते झालं, पण दोन भरले संसार आपण आपल्या हातानं त्या दारातून आत लोटले, हे त्यांना सहन होईना. जन्मभर पाकिटं धाडली, आज माणसं धाडली. आणि या वेळी पत्ता मात्र बरोबर पडला होता. हिशेबनिसांना काय सांगायचं, बाईंना कोणत्या तोंडानं भेटायचं, काही सुचत नव्हतं. ताटातलं निवून गेलं.

बायको जवळ येऊन बसली. मग त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो, जाऊ द्या आता."

जावकबाबू दचकले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"हे मराठीतलंच म्हणतेस ना गं?"